भाजीबाजाराची मध्यवर्ती बँक होताना: फ्रँकफुर्टच्या ग्रोसमार्क्टहालेचं प्रकरण

या टिपणात इमारत, वास्तुरचनाकार आणि संस्था नावानिशी आहेत, कारण त्या सार्वजनिक नोंदीचा भाग आहेत. अधिकारी, ठेकेदार आणि वारस यांचा उल्लेख मात्र त्यांच्या भूमिकेपुरताच आहे.

पार्श्वभूमी

फ्रँकफुर्टच्या पूर्व भागात, माइन नदीलगत आणि रेल्वेचे रूळ थेट धक्क्याशी येतील अशा जागी, शहराने १९२६ ते १९२८ या काळात घाऊक भाजी-फळबाजारासाठी एक प्रचंड दालन उभं केलं. तेच ग्रोसमार्क्टहाले, म्हणजे घाऊक बाजाराचं दालन. लांबी २२० मीटर, रुंदी ५० मीटर, उंची साधारण २३ मीटर. आरेखन मार्टिन एल्झेसर यांचं. शहराचे बांधकाम-प्रमुख अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली शहरभर चाललेल्या ‘नवं फ्रँकफुर्ट’ या नवबांधणीच्या मोहिमेतली ही सर्वांत मोठी इमारत. शहरवासीयांनी तिला लगेच टोपणनाव दिलं ‘गेमीझकेर्श’, म्हणजे भाजीचं चर्च. दोन्ही टोकांना विटांच्या उंच इमारती आणि मधे एकामागून एक गोलाकार छपरं, असं ते रूप होतं.

तिचं वेगळेपण छपरात होतं. एकूण १५ अर्धनळीसारखी काँक्रीटची कवचं, प्रत्येक कवच सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद, आणि जाडी माथ्यावर फक्त ७ सेंटीमीटर. येना इथल्या झाइस कंपनीने तारांगणाच्या घुमटासाठी काढलेली युक्ती ‘डायकरहोफ उंड विडमान’ या बांधकाम कंपनीने पुढे नेली आणि फ्रान्झ डिशिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजाराच्या छपरासाठी गणितात बसवली. आपल्याकडे घराचा साधा स्लॅब १२ ते १५ सेंटीमीटरचा असतो, आणि तो चार मीटरच्या खोलीवर. इथे त्याच्या निम्म्या जाडीत सदतीस मीटर पार केले आहेत. वक्र आकारामुळे वजन मुख्यतः दाबाच्या रूपाने काठाकडे उतरतं आणि काठाच्या तुळया ताण घेतात. म्हणजे छप्पर ताकदवान आहे ते आकारामुळे, जाडीमुळे नव्हे. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले.

युद्धात इमारतीला बॉम्बची झळ बसली, नंतर डागडुजी झाली आणि बाजार चालू राहिला. १९७२ साली इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

आणखी एक गोष्ट याच इमारतीत घडली होती. १९४१ पासून नाझी पोलिसांनी पूर्वेकडचं तळघर ज्यू नागरिकांना गोळा करण्यासाठी वापरलं. पहिली मोठी हद्दपारी ऑक्टोबर १९४१ मधली. शहर आणि परिसरातल्या सुमारे १०,००० माणसांना इथूनच, बाजाराच्याच रुळांवरून, मृत्यूच्या दिशेने पाठवण्यात आलं. तळघराच्या वर त्या काळातही भाजीचा व्यापार चालू होता.

अडचण

जून २००४ मध्ये घाऊक बाजार शहराच्या उत्तरेला काल्बाख इथल्या नव्या केंद्रात हलला. कारणं ओळखीची आहेत. शीतगृहं, मोठे ट्रक, वळायला जागा, पॅकिंग. मुंबईचा कांदा-बटाटा वाशीला गेला त्यामागेही साधारण हाच हिशेब होता. रेल्वेसाठी बांधलेला बाजार ट्रकच्या जमान्यात अडखळतोच.

त्याआधीच, २००२ साली, युरोपीय मध्यवर्ती बँकेने सुमारे १,२०,००० चौरस मीटरची ही जागा नव्या मुख्यालयासाठी घ्यायचं ठरवलं. अट एक होती. संरक्षित दालनाचं मूळ रूप टिकलं पाहिजे आणि ते नव्या संकुलात सामावलं गेलं पाहिजे. त्या क्षणी मालकापुढे एक अवघड मालमत्ता होती.

बाजाराची इमारत माणसांच्या सोयीसाठी बांधलेली नसते. भाजीला ऊब नको असते, उलट गारवा हवा असतो. आवाज घुमला तरी लिलावाचं काही अडत नाही. खिडक्यांतून वारा आला तर चांगलंच. तीच इमारत बैठका, उपाहारगृह आणि पत्रकार परिषदेसाठी वापरायची म्हटलं की या सगळ्या गोष्टी दोष ठरतात.

थंडीचं पाहा. उघड्या ७ सेंटीमीटर काँक्रीटला उष्णता अडवण्याची ताकद नसल्यातच जमा. आत २० अंश आणि बाहेर शून्य असेल तर कवचाचा आतला पृष्ठभाग साधारण ८ अंशांवर येतो. त्याच हवेत निम्मी आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, ९ अंशांच्या थोडा वर असतो. म्हणजे माणसं आली, चहा-जेवण सुरू झालं की छतातून पाणी टपकणार, तेही कुठे गळती नसताना.

आवाजाचं गणित त्याहून कठीण. दालनाचं आकारमान ढोबळमानाने दोन लाख घनमीटर धरलं आणि बोलणं नीट कळण्यासाठी घुमण्याचा काळ अडीच सेकंदांवर आणायचा ठरवला, तर सुमारे १३,००० चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभाग लागतो. दालनाची सगळी जमीन मिळूनच ११,००० चौरस मीटर भरते. शिवाय अंतर्वक्र छत आवाज एकाच पट्ट्यात गोळा करतं. गालिचे आणि पडदे लावून हे सुटणारं नाही, आणि छताला शोषक पट्ट्या चिकटवल्या तर जे वाचवायचं तेच झाकलं जातं.

समोरच्या वाटा

अशा दालनापुढे साधारण चार वाटा असतात. पहिली म्हणजे बाजारच ठेवायचा, पण किरकोळ आणि खाद्यपदार्थांचा. त्याच तंत्राने १९२९ मध्ये बांधलेल्या बाझल शहरातल्या घुमटाच्या बाजाराने शेवटी ही वाट धरली, पण आधी खरेदी-संकुलाचा प्रयोग फसल्यावर. फ्रँकफुर्टच्या मालकाची गरज कार्यालयाची होती, त्यामुळे ही वाट विक्रीबरोबरच बंद झाली.

दुसरी, दालन रिकामं ठेवून प्रदर्शनं आणि मैफली. इमारतीला ही सर्वांत कमी त्रासाची, पण रोजचा वापर नसलेल्या इमारतीची देखभाल पहिल्या दोन-चार वर्षांच्या उत्साहानंतर मागे पडते.

तिसरी वाट हिशेबनीसांना नेहमी आवडते. आत मजले घाला. ११,००० चौरस मीटरच्या पायावर चार मजले घातले की ४४,००० चौरस मीटर हातात येतात. पण मजले आले की पोकळी गेली, आणि या इमारतीत पोकळी हीच वास्तू आहे. विटांचा दर्शनी भाग राखून आतलं सगळं भरून टाकणं म्हणजे नारळाची करवंटी जपून खोबरं फेकण्यासारखं.

चौथी वाट घरात घर बांधण्याची. दालन तसंच ठेवायचं, न तापवता, आणि आत स्वतंत्र, बंदिस्त, उष्णतारोधक खोके उभे करायचे. ऊब आणि शांतता फक्त खोक्यांत. दालन अंगणासारखं, ना धड बाहेर ना धड आत.

पहिला निर्णय: नव्या कामाची जागा कुठे

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून फेब्रुवारी २००४ मध्ये व्हिएन्नाच्या कूप हिमेलब्लाऊ या वास्तुरचना-संस्थेच्या आरेखनाला पहिलं पारितोषिक मिळालं, पण काम लगेच दिलं गेलं नाही. पहिल्या तिघांना आरेखनं सुधारून आणायला सांगितलं आणि अंतिम निवड जानेवारी २००५ मध्ये झाली.

या मधल्या काळाचा फायदा मोठा झाला. मूळ आरेखनात दोन मनोऱ्यांबरोबर दालनाच्या दक्षिणेला एक लांबलचक बैठी इमारतही होती. सुधारणेत ती गळाली. तिच्यातली कामं, म्हणजे बैठकांची जागा, उपाहारगृह, पत्रकार, प्रदर्शन, ही दालनात आली आणि दालन संकुलाचं प्रवेशद्वार झालं. रोजची शेकडो कार्यालयीन टेबलं मनोऱ्यांत गेली.

हा निर्णय चित्रापुरता नव्हता. बैठी इमारत राहिली असती तर नदीकडून दालन झाकलं गेलं असतं आणि त्याला करायला काही काम उरलं नसतं. उलट दुसरं टोक गाठून दालनातच मजले भरले असते तर पोकळी गेली असती. ज्या कामांना उंची शोभते आणि जी दिवसभर सलग चालत नाहीत, ती दालनात, आणि ज्यांना ठरावीक तापमान व शांतता लागते ती बाहेर, ही वाटणी बरोबर बसली. वारसा-इमारतीच्या स्पर्धेत विजेता जाहीर करून लगेच करारावर सही करण्याची घाई आपल्याकडेही होते. दुसऱ्या फेरीचे हे काही महिने पुढची अनेक वर्षं वाचवू शकतात.

दुसरा निर्णय: जुन्या सांगाड्यावर काहीही टाकायचं नाही

आतली नवी घरं जुन्या खांबांवर किंवा कवचांवर टेकवलेली नाहीत. त्यांचा सांगाडा वेगळा आणि भार स्वतंत्र. कारण सरळ आहे. ७ सेंटीमीटर काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे १७० किलो. त्या काळच्या अभियंत्यांनी हेच वजन, बर्फ आणि वारा धरून हिशेब केला. त्यात उदारपणे ठेवलेली शिल्लक नाही.

छपरावर उष्णतारोधक थर घालायचा झाला तर वरून घालावा. १२ सेंटीमीटरचा हलका थर आणि त्यावर जलरोधक चादर यांचं वजन चौरस मीटरला २० ते २५ किलोंच्या आसपास येतं. आतून घातला तर कवच कायम थंड राहतं, थर आणि काँक्रीट यांच्या मधे दव साचतं आणि शटरिंगच्या फळ्यांचे ठसे झाकले जातात. वरून घातल्यावर कवच उबेच्या बाजूला येतं, दिवसरात्रीच्या तापमानाने होणारं त्याचं आकुंचन-प्रसरण कमी होतं, आतला पृष्ठभाग १९ अंशांपर्यंत राहू शकतो. तोटा एकच, काठाला छप्पर जाड दिसतं. तो काठ निमुळता करून घेण्यात आरेखकाचं कसब लागतं.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक आडवाट घेणं भाग आहे. पन्नास-साठच्या दशकांत आपल्याकडेही कारखान्यांवर आणि गोदामांवर कवचाची छपरं झाली. ती गळू लागली की पहिला उपाय सुचतो तो ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या जाड थराचा. सरासरी ११ सेंटीमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोंच्या पुढे जातं. म्हणजे गळती थांबवण्यासाठी छपराच्या डोक्यावर त्याच्यापेक्षा जड दुसरं छप्पर. वर तो पाणी धरून ठेवतो आणि सळया आणखी गंजतात. कवचाच्या छपरावर कोबा घालू नये. आधीच असेल तर तो दोन्ही बाजूंनी सारखा, थोडा थोडा करत उतरवावा. एका बाजूचा आधी काढला तर भार असमान होतो, आणि पातळ कवचाला असमान भार सर्वांत जास्त छळतो.

कवचाची दुरुस्ती: कुठे चुकतं

या वयाच्या काँक्रीटचा मुख्य आजार कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, काँक्रीटचा अल्कधर्म उतरतो, सळईचं संरक्षण जातं आणि गंज सुरू होतो. आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. गुणांक वर्षाच्या वर्गमुळाला २ मिलिमीटर धरला तर ८० वर्षांत सुमारे १८ मिलिमीटर. पातळ कवचात सळईवर आवरण मुळातच १० ते १५ मिलिमीटर असतं. म्हणजे सळई कोरड्या जागी असेल तर तग धरते, ओल मिळाली की फुगते.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा खडूने आखायच्या. आवरण मोजणाऱ्या यंत्राने सळयांचा नकाशा काढायचा. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट शाबूत, रंग चढला नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचलंय. काही ठिकाणी गाभा, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून ताकद तपासायची, पण पातळ कवचात गाभा म्हणजे आरपार भोकच, म्हणून ते काठाच्या तुळयांजवळ आणि मोजकेच.

दुरुस्तीची नेहमीची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. सर्वसाधारण नियम सांगतो की गंजलेली सळई चहूबाजूंनी मोकळी करा, मागे २० मिलिमीटर जागा ठेवा. आता बेरीज करा. आवरण १५, सळई ८, मागे २०. एकूण ४३ मिलिमीटर. ७० पैकी उरले २७. आणि हे कवच दाबावर उभं आहे. म्हणून खालून टेकू, एकाआड एक चौकटी, शेजारची चौकट भरून ताकद धरेपर्यंत पुढची फोडायची नाही. जड ब्रेकर चालवायचा नाही, हलकी छिन्नी किंवा वाळूचा मारा. गंज साफ केल्यावर सळईवर संरक्षक लेप, मग मसाला. तो मूळ काँक्रीटच्या जवळपास लवचीक असावा. ‘जास्त ताकदीचा म्हणजे चांगला’ हा समज इथे महागात पडतो, कारण कडक ठिगळ जास्त भार ओढून घेतं आणि कडेने सुटतं.

खालून मोठं क्षेत्र भरायचं असेल तर मसाला फवारून लावतात. त्यात काम लवकर होतं, पण फळ्यांचे ठसे जातात. कोणत्या भागात ठसे राखायचे आणि कोणत्या भागात वेग पाहायचा, हे निविदेच्या नकाशातच आखून दिलेलं बरं. परांचीवर उभ्या असलेल्या मुकादमावर हा निर्णय सोडला तर सगळीकडे फवारणीच होते.

विटांच्या भिंतींचा धडा छोटा पण नेमका आहे. एल्झेसर यांनी आडव्या आणि उभ्या सांध्यांसाठी वेगळ्या रंगाचा मसाला वापरला होता, जेणेकरून २२० मीटरच्या भिंतीची आडवी रेघ ठळक दिसावी. सांधे भरणाऱ्या गवंड्याला हे आधी सांगितलं नाही तर तो दोन्हीकडे एकच मसाला भरतो, आणि भिंत दुरुस्त होऊनही परकी दिसते. फ्रँकफुर्टमध्ये हा फरक जपला गेला.

तिसरा निर्णय: छेद

सगळ्यांत वादग्रस्त भाग हा. मनोऱ्यांना रस्त्याशी जोडणारी नवी प्रवेश-इमारत दालनाच्या आरपार तिरकी घातली गेली. पत्रकार परिषदेची खोली तिच्यातच आहे. त्यासाठी १५ पैकी तीन कवचं काढली गेली. मुद्दा असा मांडला गेला की तो भाग युद्धातल्या पडझडीनंतर पुन्हा बांधलेला होता, म्हणजे १९२८ चं मूळ काम त्यात कमी. याशिवाय दोन्ही टोकांना जोडलेल्या एल्झेसर यांच्या बैठ्या जोड-इमारतीही पाडण्यात आल्या. मूळ आरेखकाच्या वारसांनी कलाकृतीवरील हक्काचा मुद्दा उपस्थित केला. शेवटी बँकेशी त्यांची तडजोड झाली.

तांत्रिकदृष्ट्या छेद घेणं म्हणजे तीन पाकळ्या काढून टाकणं इतकं सोपं नसतं. ओळीतली कवचं एकमेकांच्या आडव्या रेट्याला आधार देतात. मधली काढली की छेदाच्या दोन्ही बाजूंचा काठ मोकळा होतो आणि त्याला नवी, ताठ काठ-तुळई लागते. ती आधी बसवायची, भार तिच्यावर हळूहळू सोडायचा आणि मगच कापायचं. क्रम उलटला तर तडे छेदापाशी न दिसता दोन कवचं पलीकडे दिसतात.

वारशाच्या अंगाने पाहिलं तर युद्धोत्तर भाग कमी मोलाचा, हा युक्तिवाद आम्हाला पुरता पटत नाही. पडलेलं छप्पर लोकांनी पुन्हा उभं केलं, हाही इमारतीचा इतिहास आहे. पण छेद घ्यायचाच असेल तर तो तिथे, हे म्हणणं मान्य करावं लागतं. शिवाय नवा भाग जुन्याची नक्कल करत नाही. काच आणि धातूचा तिरका तुकडा आताच्या काळातला आहे हे कुणालाही समजतं. जोड-इमारतींचं पाडकाम मात्र टाळण्यासारखं होतं. बैठ्या इमारती सुरक्षा-तपासणी, सायकली, गोदाम अशा कामांना सहज बसल्या असत्या, आणि दोन टोकांचे उंच भाग आज जसे उघडे पडलेत तसे पडले नसते.

चौथा निर्णय: तळघर

स्मरणस्थळासाठी शहर, ज्यू समाज आणि बँक एकत्र आले आणि वेगळी स्पर्धा झाली. कात्झकायझर या वास्तुरचनाकारांची कल्पना निवडली गेली. नवा पुतळा किंवा स्तंभ नाही. उतरती वाट, उरलेले रूळ, सिग्नलची कोठी आणि तळघर आहे तसंच ठेवायचं, आणि त्या काळच्या माणसांचे शब्द भिंतींवर व जमिनीवर कोरायचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते खुलं झालं.

अवघड प्रश्न हद्दीचा होता. तळघर बँकेच्या सुरक्षा-कुंपणाच्या आत आणि रूळ बाहेर. त्यामुळे स्मारकाचे दोन भाग पडले. बाहेरचा भाग कुणालाही, केव्हाही पाहता येतो. तळघर फक्त मार्गदर्शित भेटीत. तळघराला स्वतंत्र बाहेरची वाट ठेवून सुरक्षेची रेषा आत ओढली असती तर ही अडचण राहिली नसती, पण ते मुख्य आराखड्याच्या टप्प्यावरच जमलं असतं.

इथे एक बारकावा नोंदवण्यासारखा. तळघराच्या भिंती रंगवल्या नाहीत, गिलावा केला नाही. ओल थांबवणं आणि हवा खेळती ठेवणं एवढंच. दुरुस्तीची सवय असलेल्या माणसाला हात आवरणं हेच सर्वांत जड जातं.

पाचवा निर्णय: निविदा

इथे प्रकरण घसरलं. संपूर्ण काम एकाच ठेकेदाराला देण्याची निविदा काढली गेली. दर अंदाजाच्या खूप वर आले आणि जून २००८ मध्ये ती निष्फळ म्हणून सोडून द्यावी लागली. मग काम वेगवेगळ्या भागांत फोडून पुन्हा निविदा निघाल्या. कोनशिला बसली मे २०१० मध्ये. बाजार हलून तोवर सहा वर्षं होत आली होती.

असं का झालं, याचं उत्तर जुन्या इमारतीच्या कामात जवळजवळ ठरलेलं असतं. मनोऱ्याच्या प्रत्येक चौरस मीटरचा भाव ठेकेदाराला माहीत असतो. जुन्या छपराखाली काय निघेल ते माहीत नसतं. दोन्ही एकाच करारात बांधले की तो माहीत नसलेल्याची भीती सगळ्या रकमेवर चढवतो. फोडून दिल्यावर काँक्रीट-दुरुस्ती, विटकाम, खिडक्या यांना त्या त्या कामातले जाणकार मिळतात, पण समन्वयाचा बोजा मालकावर येतो. दोन ठेकेदारांच्या हद्दीवर, उदाहरणार्थ खिडकीची चौकट आणि काँक्रीटची जाळी यांच्या सांध्यावर, गळती कुणाची हा वाद तिथेच जन्मतो. त्या सांध्याचा एक मोठा नमुना प्रत्यक्ष आकारात बांधून, पाणी मारून, दोघांच्या सह्या घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

२००५ च्या किमतींनुसार बांधकामाचा अंदाज ५० कोटी युरो आणि सगळं धरून ८५ कोटी युरोंचा होता. २०१२ मध्ये बँकेने तो ११५ ते १२० कोटींवर जाईल असं सांगितलं. भाववाढ हा मोठा भाग, पण जुन्या दालनात आणि जमिनीत आधी न दिसलेल्या अडचणी हेही जाहीर कारण होतं.

काय साधलं

नोव्हेंबर २०१४ मध्ये कर्मचारी आले आणि मार्च २०१५ मध्ये औपचारिक उद्घाटन झालं, रस्त्यावर मोठी निदर्शनं चालू असताना. दालन पूर्ण वातानुकूलित नाही. बाहेर आणि आत यांच्यामधली ती पायरी आहे. छपरावरचं पावसाचं पाणी साठवून वापरलं जातं, आणि नव्या खांब-पायांमधून जमिनीतली उष्णता घेतली जाते. आतल्या खोक्यांतून बाहेर पाहिलं की वर कवचांची ओळ सलग दिसते, छेदापर्यंत.

काही गणितं चुकलीही. बांधकाम चालू असतानाच बँकेवर युरो क्षेत्रातल्या मोठ्या बँकांच्या देखरेखीचं काम आलं. माणसं वाढली आणि नवं मुख्यालय पहिल्याच दिवशी अपुरं ठरलं. देखरेख विभाग शहराच्या मध्यातल्या, बँकेच्या जुन्या मनोऱ्यात बसला. दालनात मजले भरून टाका म्हणणाऱ्यांना इथे ‘बघा’ म्हणायला जागा मिळते. पण त्यांनी सुचवलेले मजले १९२८ च्या पोकळीच्या बदल्यात मिळाले असते, आणि माणसं पुढेही वाढतच गेली असती. मनोरा भाड्याने मिळतो.

पुन्हा करायचं झालं तर

छपराची आणि तळघराची उघडून केलेली तपासणी आरेखन-स्पर्धेच्या आधी व्हायला हवी. निदान दोन कवचांवर परांची बांधून पूर्ण सळई-नकाशा, एका कवचाची नमुना-दुरुस्ती आणि तिचा प्रत्यक्ष खर्च. तो आकडा हातात असता तर २००८ ची निविदा कदाचित पहिल्याच वेळी फोडून निघाली असती.

बाजार हलण्याची आणि काम सुरू होण्याची तारीख एकमेकींना बांधायला हवी. रिकाम्या इमारतीत पन्हाळी आणि निचऱ्याची भोकं तुंबतात, पाणी कवचांच्या मधल्या घळीत साठतं आणि नेमकं काठ-तुळईच्या सळयांवर मुरतं. वर्षातून दोनदा निचरा साफ करणारी दोन माणसं, एवढ्याने बरंच नुकसान टळतं. आपल्या चार महिन्यांच्या पावसात हे काम जूनच्या आत आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याला.

लोकांच्या प्रवेशाचा प्रश्न खरेदीखतात हवा होता, आरेखनात नव्हे. पहाटे चारला शहराचे व्यापारी, हमाल आणि गाडीवाले जिथे मोकळेपणाने शिरत, तिथे आता नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून जावं लागतं. मध्यवर्ती बँक म्हटल्यावर कुंपण येणारच. पण दालनाचा एखादा टोकाकडचा भाग, स्वतंत्र दारासह, कुंपणाच्या बाहेर ठेवण्याची अट शहराला विक्रीच्या वेळी घालता आली असती. नंतर ती घालायला हातात काही उरत नाही.